मंदाग्नी

पहाडगंजातील आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एका अंगास नवी दिल्ली स्टेशन, दुसऱ्या अंगास नूतन मराठी शाळा. म्हणजे पळून जावयाचे झाल्यास गाडी जवळ, आणि न पळता राहावयाचे झाल्यास भाषा जवळ. दिल्लीस बदलून आलेल्या मराठी कारकुनाने याहून अधिक सोयीची जागा मागू नये. घरमालक फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून येथे आलेल्या कुटुंबातील वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या अटी दोनच. अकरा महिन्यांचा करार वेळेवर नवा करावा आणि खोलीत दारूची बाटली आणू नये. मांसाबद्दल त्यांची तक्रार नाही. जिन्यात वास दरवळला की, "आज क्या बन रहा है?" असे विचारून ते खाली उतरतात.

गेल्या हिवाळ्यात आमचे एक स्नेही डब्लिनच्या वकिलातीत तीन वर्षे काढून परतले आणि त्यांनी आम्हांस एक विजेचा स्लो कुकर भेट दिला. जाड भाजक्या मातीचे भांडे, त्याभोवती हळूहळू तापणारे वेष्टन, वर काचेचे झाकण. तेथील वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची असल्यामुळे केवळ प्लग बदलावा लागला. आम्ही त्याचे नाव 'मंदाग्नी' असे ठेविले. वैद्यकात या शब्दाचा अर्थ अन्न न पचणे असा होतो, हे सौ.ने नागपुराहून फोनवर लक्षात आणून दिले. परंतु तोवर बारसे होऊन गेले होते.

कल्पना तशी जुनीच. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली इकमिक कुकर काढला. खाली कोळशाची शेगडी, वर डब्यावर डबा, आणि एकट्या राहणाऱ्या चाकरमान्याने कामास निघून जावे. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० साली विजेच्या भांड्याचे पेटंट मिळाले. त्यांच्या आईच्या लिथुआनियातील गावी शब्बाथसाठी मांस व घेवड्याचे भांडे रात्रभर बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवीत, त्या आठवणीतून त्यांना हे सुचले. आणि आमच्या खोलीपासून जामा मशीद काही फार दूर नाही. तेथील निहारी रात्रभर शिजते आणि पहाटे वाढली जाते. तिच्या नावातच अरबी 'नहार', म्हणजे दिवस, आहे.

स्नेह्यांनी भांड्याबरोबर एक कृतीही सांगितली: गोमांस आणि स्टाउट नावाची काळी बीअर यांचा आयरिश स्ट्यू. पैकी पहिल्या वस्तूस दिल्लीत १९९४च्या कायद्याने मनाई, दुसरीस आमच्या घरमालकांची. आर्थर गिनेस याने १७५९ साली डब्लिनमधील आपल्या दारूभट्टीची जागा वर्षाला ४५ पौंडांवर ९००० वर्षांच्या कराराने घेतली होती. अकरा महिन्यांचा करार असणाऱ्या माणसाने त्याच्या नादी लागू नये हेच बरे.

तेव्हा आम्ही बकऱ्याच्या पायाचे, नळीसकट मांस घेतले. या पाकास कोवळे मांस चालत नाही. राबलेल्या अवयवाचे, शिरांनी भरलेलेच हवे. त्यातील चिवट कोलॅजेन सत्तर अंशांच्या पुढे तासन्‌तास राहिले म्हणजे विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि रस्सा ओठांस चिकटू लागतो. स्टाउटला काळा रंग व कडवटपणा येतो तो भाजलेल्या जवामुळे. म्हणून मूठभर जव लोखंडी तव्यावर जवळजवळ काळे होईतो भाजले, त्यांचा काढा करून गाळला आणि त्यात सुपारीएवढा गूळ घातला. थाइमचा पाला कोठून आणावा? पण थाइमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो ते आपल्या ओव्यातही असते. दोन चिमटी पुरल्या. मांस आधी कढईत तांबूस परतले, कारण मंदाग्नी शिजवितो, पण भाजत नाही. तळाशी गाजरे, शलगम व बटाटे, वर मांस, आणि काढा जेमतेम बुडेल इतका. वाफ बाहेर जात नसल्याने पाणी आटत नाही. झाकण मात्र उघडावयाचे नाही. एकदा उघडले की गेलेली ऊब भरून येण्यास अर्धा तास लागतो. सारी रात्र मिळून खर्च फार तर दोन युनिटे.

हा सारा खटाटोप फेब्रुवारीतील एका शुक्रवारी चालला होता, आणि त्यास कारण होते. सौ. नागपुरास महालेखापाल कार्यालयात लेखापरीक्षक आहे. पतिपत्नींस शक्यतो एकाच ठिकाणी ठेवावे असे सरकारचे आदेश १९८६ पासून आहेत, २००९ साली ते पुन्हा निघाले. 'शक्यतो' हा शब्द दोहोंतही अर्थाने शिल्लक आहे. आमच्या खात्याची एक शाखा नागपुरास आहे आणि तेथे बदलीसाठी केलेल्या अर्जास चार वर्षे झाली. त्याच आठवड्यात आमच्या हाती बढतीचा हुकूम पडला होता. दिल्लीतच, आणखी किमान तीन वर्षे. नाकारावी तर वर्षभर पुन्हा विचार नाही, ज्येष्ठताही जाते. मंगळवारपर्यंत उत्तर द्यावयाचे होते. शनिवारी सकाळी तामिळनाडू एक्स्प्रेसने सौ. उतरेल, गरम वाडगा तिच्यापुढे ठेवू, आणि मग सांगू, असा आमचा बेत. पोटभर जेवलेल्या माणसास वाईट बातमी सांगणे सोपे जाते, असा आमचा समज होता.

पहाटे पाचास जाग आली तेव्हा वास नव्हता. भांड्यावर हात ठेविला; कोमट. पडद्यावर केवळ चार शून्ये लुकलुकत होती. रात्री वीज गेली होती आणि आली होती. साध्या खुंटीचे भांडे वीज आल्यावर आपोआप पुन्हा तापू लागते. आमचे आधुनिक होते, ते आज्ञेची वाट पाहत बसले. घरमालकांस विचारले. ते म्हणाले, "गई तो थी बेटा, कब गई पता नहीं."

सौ. आली, पिशवी ठेविली आणि प्रथम भांड्याकडे गेली.

"किती वाजता गेली लाइट?"

"ठाऊक नाही. पुन्हा चांगले उकळून घेऊ."

"अहो, उकळून जंतू मरतील. त्यांनी तोवर सोडलेलं विष उकळून जात नाही सगळं. आणि वेळेची नोंदच नाही तुमच्याकडे."

नोंद नाही म्हटल्यावर लेखापरीक्षकापुढे बोलणे खुंटते. सव्वा किलो मांस आम्ही स्वतःच्या हाताने दोन पिशव्यांत बांधून खाली नेऊन टाकिले. जिन्यात घरमालकांनी काय बनले असे विचारले नाही, हे त्यांचे सौजन्य.

चुना मंडीत सीताराम दिवानचंदांकडे छोले-भटुरे खावयास गेलो. तेथे उभ्या उभ्या, हात तेलकट असताना, आम्ही खिशातील हुकूम तिच्यापुढे केला. जेवण झाल्यावर सांगावयाचे ते अर्ध्या भटुऱ्यावर सांगून टाकिले. तिने हात पुसून कागद शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून.

"हे कधी आलं?"

"सोमवारी."

"आणि रोज फोनवर बोलत होता."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. परततानाही ती बोलली नाही. केवळ मांसाच्या दुकानापाशी थांबली आणि म्हणाली, "पुन्हा घ्या. आज दिवसा लावू. मी समोर बसते."

दुपारी एकास मंदाग्नी पुन्हा चढला, या वेळी चढत्या आचेवर. खोलीत एकच टेबल. त्याच्या एका टोकास भांडे, दुसऱ्या टोकास कागद. एकीकडे बढतीची वेतननिश्चिती, दुसरीकडे दोन घरांचे भाडे व वर्षाचे रेल्वेभाडे, असे तिने रकाने पाडले. बेरीज बढतीच्या बाजूने आली. ती तिने दोनदा तपासली आणि कागद उलटा ठेविला.

"वर्षभर विचार करणार नाहीत, एवढंच ना?"

"आणि ज्येष्ठता."

"लिहा."

आम्ही नकाराचा मसुदा लिहू लागलो. पाचच्या सुमारास तिने झाकण उघडून पाहिले. आम्ही काही बोललो नाही. साडेसहास पुन्हा उघडले, चमच्याने मांस दाबून पाहिले, आणि आमच्या मसुद्यातील 'सविनय' हा शब्द एकदा पुरे म्हणून दुसरा खोडला. जेवावयास नऊ वाजले. एक वाडगा खाली घरमालकांस पाठविला.