किटली कुणाची होती?

माझ्या बॅगेत लाल चिकटपट्टीचं एक रीळ कायम असतं. स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरलो की स्टेज आणि स्क्रीन बघायच्या आधी मी भिंतीवरचे सॉकेट मोजतो. खेळाच्या लायनीवर जो रिकामा राहील त्यावर पट्टीची फुली मारतो. हाताखालची पोरं हसतात. ‘दादा, आत भूत आहे का?’ आहे. चहाच्या किटलीचं आहे.

लोडशेडिंगचे दिवस होते. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टमध्ये काउंटर-स्ट्राइक १.६ ची फायनल होती. मी सायबर कॅफेत कामाला. नेटवर्कची केबल क्रिम्प करता येते एवढ्या भांडवलावर मला तिथला ‘टेक्निकल’ माणूस केलेलं. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी, हा आठ तारांचा क्रम मी झोपेत म्हणून दाखवला असता. विजेच्या बाबतीत मात्र ‘सॉकेट आहे ना, मग लाव’ एवढंच ज्ञान. जनरेटर होता, सर्व्हरला यूपीएस होता. लाइट गेली तरी आपण तयार, असा रुबाब.

एका बाजूला यजमान कॉलेजची टीम, दुसऱ्या बाजूला साताऱ्याहून एसटीने आलेली पाच मुलं. माऊस टॉवेलात गुंडाळून आणलेले. स्कोअर १४-९, यजमान पुढे. १६ राउंड आधी जिंकेल तो चॅम्पियन. तिथून सातारकरांनी सलग तीन राउंड काढले. या खेळात राउंड जिंकला की बंदुका घ्यायला पैसे मिळतात, हरत गेलं की खिसा रिकामा होत जातो. आता पाचही सातारकरांच्या हातात रायफली होत्या आणि समोरचे पिस्तुलावर आले होते. सत्ताविसावा राउंड. सातारकरांनी बॉम्ब लावला. समोर एकच गडी उरला. आणि सातारकरांचे पाचही मॉनिटर एकदम काळे झाले.

हॉलमधले पंखे फिरतच होते. लाइट गेलीच नव्हती. त्या एका लायनीचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडला होता. थोड्या वेळापूर्वी ऑफिसातले शिपाईमामा परीक्षकांच्या चहासाठी विजेची किटली घेऊन आले होते आणि ‘कुठं लावू?’ म्हणाले होते. मी स्क्रीनवरची नजर न काढता बोटाने एक सॉकेट दाखवला होता.

हिशेब शाळकरी आहे. १० अँपिअरचा एमसीबी, २३० व्होल्ट, म्हणजे २,३०० वॅट. पाच पीसी आणि पाच जाडजूड मॉनिटर मिळून दीड हजाराच्या आसपास. किटली दोन हजारांची. एमसीबी एवढ्या जास्तीच्या भाराला लगेच पडत नाही. आतली धातूची पट्टी तापून वाकेपर्यंत दम धरतो. म्हणून तो किटली लावली तेव्हा पडला नाही, पाणी उकळायला आलं तेव्हा पडला.

मग अर्धा तास नुसता गोंधळ. यजमान म्हणाले, ते सर्व्हरवरून गेले, राउंड आमचा. सातारकर म्हणाले, बॉम्ब लागला होता, राउंड आमचा. अशा वेळी काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. समितीतल्या सरांनी मधला मार्ग काढला: स्कोअर १४-१२ धरा, राउंड पुन्हा खेळा. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण १.६ मध्ये खेळ रीस्टार्ट केला की सगळ्यांचे पैसे ८०० वर येतात. तीन राउंड झगडून मिळवलेल्या रायफली गेल्या, आणि कंगाल केलेल्या टीमच्या पंगतीला सातारकर जाऊन बसले. १६-१२ ने हरले.

सामान आवरताना त्यांचा कॅप्टन माझ्याकडे आला. ‘दादा, हरल्याचं काय नाय. पण किटली कुणाची होती, ते तरी सांगा.’ मी ‘बघतो’ म्हणालो आणि केबल गुंडाळत राहिलो.

पुढे हेच माझं पोट झालं. ॲडमिन म्हणजे पंच, मैदान राखणारा आणि वायरमन, तिघं एका टी-शर्टात. दिवस नीट गेला तर आपण तिथे होतो हे कुणाला कळतही नाही. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये डोटा २ ची ईएसएल वन मुंबई स्पर्धा झाली. मी प्रेक्षकांत बसून केबली कुठून नेल्यात ते शोधत होतो. शेवटी शेजारचा मुलगा म्हणाला, ‘काका, मॅच तिकडे आहे.’

साधनं आता पुष्कळ सुधारली. काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर प्रत्येक राउंडच्या सुरुवातीची नोंद ठेवतो; पैसे, बंदुका, सगळ्यासकट तिथे परत जाता येतं. लीग ऑफ लेजंड्सच्या स्पर्धांत ‘क्रोनोब्रेक’ आहे, त्याने चालू मॅच काही क्षण मागे नेता येते. हे तेव्हा असतं तर सातारकरांना त्यांच्या रायफली मिळाल्या असत्या. तरी तो लागलेला बॉम्ब मिळाला नसता. शिवाय घड्याळ मागे फिरवलं तरी माणसं फिरत नाहीत. कोण कुठे दडला होता हे समोरच्याने एकदा पाहिलं की पाहिलं.

मोबाईलवर तर तेवढीही सोय नाही. बीजीएमआयच्या एका लॉबीत १६ टीम, ६४ खेळाडू. मॅच अर्ध्या तासाची आणि मध्ये थांबवायचं बटण नाही. एकाचं नेट गेलं तर बाकीचे ६३ त्याच्यासाठी थांबत नाहीत. उभा राहिलेला दिसला की मारतात, आणि तसंच मारायला हवं. म्हणून सगळी अक्कल आधी खर्च करायची. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच असतात आणि हॉलभर प्रेक्षकांचे हॉटस्पॉट चालू. तेव्हा जमेल तिथे टाइप-सीला जोडणी लावून केबलच द्यायची. चार्जिंगला लावून खेळलं की फोन तापतो, तापला की आपला वेग आपणच कमी करतो. तेव्हा दोन मॅचच्या मध्ये चार्ज करायचा. येणारे कॉल बंद झालेत का, हे प्रत्येक फोन हातात घेऊन बघायचं. ऐन शेवटच्या झोनमध्ये ‘जेवलास का?’ विचारणाऱ्या आईच्या फोनने मेलेला खेळाडू मी पाहिलाय.

एवढं करूनही बिघाड होतोच. माझी वही मग दोन प्रकरणांपाशी उघडते.

पहिलं कोरियातलं. २३ जानेवारी २०१०, स्टारक्राफ्टच्या एमएसएलची फायनल, फ्लॅश विरुद्ध जेडोंग. त्या काळातले दोन सगळ्यात मोठे खेळाडू. तिसऱ्या गेममध्ये वीज गेली. पंचांनी परिस्थिती तपासली आणि जेडोंगचं पारडं जड होतं म्हणून गेम त्याला दिला. तो पुढे ३-१ ने जिंकला. निर्णयाला नियमाचा आधार होता, तरी त्या गेमवर लोक वर्षानुवर्षं भांडले.

दुसरं मे २०२२ मधलं. लीग ऑफ लेजंड्सची एमएसआय स्पर्धा बुसानला होती आणि कोविडच्या निर्बंधांमुळे चीनची आरएनजी टीम शांघायहून खेळत होती. सगळे समान पातळीवर यावेत म्हणून प्रत्यक्ष बुसानमध्ये बसलेल्यांनाही मुद्दाम ३५ मिलिसेकंदांचं पिंग, म्हणजे तेवढा उशीर, दिलं. खेळाडू म्हणू लागले, हाताला खेळ जड लागतोय. तपासल्यावर निघालं की आकडा ३५ दिसत होता, पण बुसानमधला उशीर प्रत्यक्षात त्याहून जास्त होता. आयोजकांनी चूक जाहीर कबूल केली आणि आरएनजीचे पहिले तीन गेम रद्द करून पुन्हा खेळवले. ते तिन्ही त्यांनी जिंकलेले होते. पुन्हाही जिंकले, आणि शेवटी स्पर्धाही.

एके ठिकाणी जिंकणाऱ्याच्या पदरात टाकलं, दुसरीकडे जिंकणाऱ्याकडून काढून घेतलं. दोन्ही निर्णयांची बाजू मी मांडू शकतो. पण बिल कुणी भरलं ते पाहा. तार आयोजकाची, पिंग आयोजकाचं, आणि गेम गेला खेळाडूचा. आमच्या धंद्यातली ही अडचण कुठलंही यंत्र सोडवत नाही: कर्ज आमचं आणि हप्ते त्यांच्या नावावर. पैसे परत देता येतात, मॅच परत खेळवता येते. ज्या लयीत तो सत्ताविसावा राउंड चालला होता ती लय कुठल्या काउंटरवर मिळत नाही.

मग आमच्या हातात उरतं काय? दोनच गोष्टी. नियम उजेडात लिहून ठेवायचा, कारण अंधार झाल्यावर हॉलमध्ये कुणीच तटस्थ नसतं. यजमान नसतात, पाहुणे नसतात, ज्याने सॉकेट दाखवला तो तर नसतोच. आणि बिघाडाचं कारण नावानिशी सांगायचं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांमध्ये जागा दिली. तेव्हापासून ‘हौशी पोरांचा कार्यक्रम, चालायचंच’ ही पळवाटही बंद झाली. ‘तांत्रिक कारणास्तव’ हा शब्द मी माझ्या सूचनांमधून केव्हाच काढलाय. तंत्राला कारण नसतं. कुणीतरी काहीतरी लावलेलं असतं, किंवा लावायचं विसरलेलं असतं.

मध्यंतरी एका मोबाईल स्पर्धेत चौथ्या मॅचला एक अख्खी टीम बाहेर फेकली गेली. टेबलाखालच्या नेटवर्क स्विचचा अडॅप्टर सैल होता. आमचा नियम स्पष्ट होता: दुसरा झोन बंद व्हायच्या आत, आयोजकांच्या सामानामुळे पूर्ण टीम गेली तर रीमॅच. सोळाही कॅप्टनना बोलावलं. ‘स्विचचा अडॅप्टर सैल होता. सकाळी तपासणं माझं काम होतं, मी तपासला नाही. नियमाप्रमाणे मॅच पुन्हा.’ एका टीमचे सहा किल त्यात वाया जाणार होते. त्यांचा कॅप्टन, असेल अठरा-एकोणीस वर्षांचा, माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘किती वाजता?’ आणि जाता जाता थांबून, ‘आता तपासलाय का?’

मी त्याला टेबलाखाली नेऊन दाखवला. वाकून त्याने स्वतः ओढून पाहिला.

साताऱ्याच्या त्या मुलाला मात्र माझं उत्तर अजून गेलेलं नाही. किटली ऑफिसची होती. सॉकेट मी दाखवला होता.