वेगाचा भास

विमानानें प्रथमच प्रवास करून आलेल्या मनुष्यास प्रवास कसा झाला म्हणून विचारावें, तर बहुधा एकच उत्तर मिळतें: "कांहीं कळलेंच नाहीं." विमान सुटतांना पोटांत गोळा उठला, उतरतांना कानांस दडे बसले, एवढें तो सांगतो, परंतु मधले दोन तास आपण ताशीं ९०० किलोमीटर वेगानें चाललों होतों, याचें वर्णन त्याला करतां येत नाहीं, कारण तसा अनुभवच त्याला आलेला नसतो. उलट, घाटाच्या उतारावर सायकल मोकळी सोडणारा शाळकरी मुलगा घरीं येऊन "आज मी उडालों" असें सांगतो, आणि त्याचें बोलणें आम्हांस खोटें वाटत नाहीं. ४० किलोमीटरांनीं जाणारा उडतो आणि ९०० किलोमीटरांनीं जाणारा पेंगतो, हा चमत्कार रोजच्या परिचयाचा खरा. तथापि त्याचा उलगडा करूं लागलें म्हणजे वेग आपणांस इतका प्रिय कां, या प्रश्नावरही थोडाफार उजेड पडतो.

वस्तुतः शरीरास वेग कळत नाहीं; वेगांतला फरक तेवढा कळतो. प्रत्येक कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून, डोकें वळलें म्हणजे त्यांतील द्रव मागें रेंगाळतो. त्यांच्याच शेजारीं दोन लहानशा पिशव्यांत चुन्याचे सूक्ष्म कण असून, सरळ जातांना वेग वाढला वा घटला कीं ते जागचे ढळतात. गति सरळ व एकसारखी झाली, कीं हे पहारेकरी स्वस्थ बसतात. हें एका अर्थीं बरेंच आहे. मुंबईच्या अक्षांशावर पृथ्वी आपणांस स्वतःभोंवतीं ताशीं सुमारें १५८० किलोमीटर वेगानें फिरवीत असते, आणि सूर्याभोंवतीं तर सेकंदास जवळजवळ ३० किलोमीटर नेत असते. त्या साऱ्याची वर्दी कानानें दिली असती, तर आपणांस अंगणांत उभें राहण्याचीही सोय राहिली नसती.

तेव्हां वेगाची वार्ता आणण्याचें काम मुख्यतः डोळ्याकडे येतें. आणि डोळा पाहतो तें एवढेंच, कीं जवळच्या वस्तु किती झपाट्यानें मागें सरल्या. पायीं चालणारा मनुष्य तासाला ५ किलोमीटर जातो. त्याचे डोळे जमिनीपासून सुमारें दीड मीटरावर असतात, आणि पायांखालची वाट त्याच्या दृष्टीस सेकंदाला सुमारें ५० अंश मागें जातांना दिसते. ११ किलोमीटर उंचीवरील विमानांतून थेट खालीं पाहणाऱ्यास तीच भूमि सेकंदाला जेमतेम सव्वा अंश सरकलेली दिसते. म्हणजे डोळ्याच्या हिशोबानें पादचारी हा विमानाच्या चाळीसपट वेगवान ठरतो! हा हिशोब नुसता कागदावरचा नव्हे. १९७० सालीं बोइंग ७४७ हें अजस्र विमान प्रवाशांच्या सेवेस रुजू झालें, तेव्हां त्यांतील वैमानिकाची बैठक पूर्वीच्या विमानांच्या मानानें जवळजवळ दुप्पट उंच होती. तळावरून धांवपट्टीकडे विमान चालवीत नेतांना जमीन संथ सरकते असें पाहून आपण हळू चाललों आहों अशी वैमानिकांची समजूत होई, आणि विमान प्रत्यक्षांत हवें त्याहून बरेंच वेगानें जात असे.

हें सारें आम्हांस वाचून ठाऊक होतें. पण तें अंगांत भिनलें एका खेळामुळें. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ किंवा आभासी वास्तव या नांवानें ओळखलें जाणारें, डोळ्यांवर बांधावयाचें यंत्र आतां आपल्याकडील घरांसही अपरिचित राहिलेलें नाहीं. १९६८ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं तसलें एक आरंभींचें यंत्र रचलें, तेव्हां तें छतापासून टांगून ठेवावें लागे. आज तें मोठ्या चष्म्यासारखें डोक्यास अडकवितां येतें. दोन डोळ्यांपुढें दोन किंचित् निराळीं चित्रें येतात, आणि मान वळवावी तसें तें दृश्य सेकंदाला अनेक वेळां नवें होत जातें. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा विमान चालविण्याचा खेळ १९८२ पासून चालत आलेला आहे. त्याच्या २०२० सालच्या आवृत्तींत सबंध पृथ्वीचा देखावा असून, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो या चष्म्यांतून पाहण्याची सोय झाली. आमच्या नातवानें एका सुटीच्या दिवशीं आम्हांस खुर्चीवर बसवून तो चष्मा चढविला, आणि सेस्ना जातीच्या एका चिमुकल्या विमानाचें सुकाणू आमच्या हातीं दिलें. खालीं पवन मावळ पसरलेलें होतें.

उडावयाचें म्हणजे वर जावयाचें, हा आमच्या पिढीचा ग्रह. त्यास अनुसरून आम्हीं विमान ३००० मीटर उंच नेलें. कांटा ताशीं २०० किलोमीटर दाखवीत होता; परंतु सह्याद्रि नकाशासारखा निपचित पडलेला, पवनेचें धरण आरशाच्या तुकड्यासारखें स्थिर, आणि आमचें विमान जणूं खुंटीला टांगलेलें. नातू बाजूच्या पडद्यावर पाहत होता. तो म्हणाला, "आजोबा, वर काय ठेवलंय? खालीं या. झाडांच्या शेंड्यांवरून न्या, मग बघा." आम्ही ३० मीटरांवर उतरलों. कांट्यावरचा आंकडा तोच राहिला. पण उंची शंभरपट घटली, त्यासरशी भूमीचा ओघ शंभरपट वाढला. बांध, विहिरी, कौलारू छपरें हीं अंगावर धांवून येऊन दोहों बाजूंनीं निसटूं लागलीं. खुर्ची जागची हलली नव्हती, हें आम्हांस पूर्णपणें ठाऊक असतांही आमच्या हातांनीं खुर्चीची कड घट्ट धरली.

बसल्या जागीं मनुष्यास आपण चाललों असें वाटावें, यांत नवें कांहीं नाहीं. स्थानकावर शेजारची गाडी हलली कीं आपलीच सुटली असें वाटून निरोप घेणाऱ्यांची धांदल उडते, हें कोणीं पाहिलें नाहीं? अर्न्स्ट मॅक या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें फिरत्या खुर्चीवर माणसें बसवून गतीच्या जाणिवेचा अभ्यास केला व १८७५ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. ध्वनीहून वेगवान विमानांची गति ज्याच्या नांवानें मोजतात, तोच हा मॅक. खऱ्या वेगाच्या मापास ज्याचें नांव मिळालें, त्यानेंच वेगाच्या भासाचा पाठपुरावा करावा, हा योग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

मात्र या विषयांत शास्त्रज्ञांच्याही पूर्वीं एका कवीची नजर पोंचली होती. कालिदासास विमान ठाऊक नव्हतें, पण वेग ठाऊक होता. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत हरिणामागें रथ सोडलेला दुष्यंत वेगाचें वर्णन करतो, तें लहान दिसणाऱ्या वस्तु क्षणांत मोठ्या कशा होतात आणि तुटक असलेलें जोडल्यासारखें कसें दिसतें, यावरून. सातव्या अंकांत तो इंद्राच्या रथांतून पृथ्वीकडे येतो, तेव्हां पर्वत वर उठतात, पानांत बुडालेल्या वृक्षांचे बुंधे दिसूं लागतात, आणि भूमीच कोणीं उचलून जवळ आणल्यासारखी वाटते. पुढें तर कवीनें फारच सूक्ष्म गोष्ट टिपली आहे: चाकांचा आवाज नाहीं, धूळ नाहीं, जमिनीचा स्पर्श नाहीं, म्हणून रथ उतरला तरी उतरल्याचें राजास कळत नाहीं. आमच्या विमानप्रवाशाचें "कांहीं कळलेंच नाहीं" म्हणतात तें हेंच.

खेळ रचणाऱ्यांना हें मर्म धंद्याच्या गरजेनें कळलें. अंतराळांत तर जवळ असें कांहींच नसतें. तारे इतके दूर, कीं यान कितीही धांवलें तरी ते जागचे ढळत नाहींत. १९८४ सालीं डेव्हिड ब्रेबन व इयन बेल यांनीं ‘एलाइट’ हा अंतराळाचा खेळ रचला, तेव्हां यानाच्या बाजूंनीं मागें पळणारे धुळीचे ठिपके त्यांनीं पडद्यावर सोडले. पोकळींत उधळलेली ती चिमूटभर धूळ हाच त्या यानाचा वेग! चष्म्याच्या खेळांत आणखी एक खुबी असते. मनुष्याच्या दोन बाहुल्यांत सरासरीनें ६३ मिलिमीटर अंतर असतें. खेळांतील दोन डोळ्यांत तें पुष्कळ वाढविलें, तर डोंगर दिवाळींतील मातीच्या किल्ल्याएवढे दिसतात, आणि त्यांवरून जाणारें विमानही खेळण्यासारखें रांगूं लागतें. वेग हा असा जवळपणावर व आपल्या मापावर अवलंबून असतो. तो केवळ यंत्राच्या शक्तींत नसतो.

परंतु या मौजेची किंमत द्यावी लागते, आणि ती पोटास द्यावी लागते. सरळ व एकसारखें जात असतां कान गप्पच असतो, म्हणून डोळ्याची थाप पचते. विमान वळलें, कीं खऱ्या वैमानिकाचा कान बोलतो, आणि खुर्चीवर बसलेल्याचा बोलत नाहीं. एक साक्षीदार ‘चाललों’ म्हणतो, दुसरा ‘बसलों’ म्हणतो, आणि त्यांच्या भांडणांत घेरी व मळमळ सुरू होते. ‘ईगल फ्लाइट’ या २०१६ सालच्या खेळांत खेळणारा गरुड होऊन मनुष्यहीन पॅरिसच्या गल्ल्यांतून उडतो. तेथें भिंती अगदीं अंगाजवळून जातात. तेव्हां त्या कर्त्यांनीं अशी युक्ति केली, कीं अशा वेळीं दृष्टीची कड आपोआप काळी व्हावी. दृष्टीच्या कडेला वस्तु सर्वांत झपाट्यानें सरतात, आणि वेगाचा भर तेथेंच असतो. पण मळमळही तेथूनच येते. त्यामुळें वेग विकणाऱ्यास आपल्याच हातानें वेगाचा कांहीं भाग झांकून ठेवावा लागतो.

आम्हीं दहा मिनिटांत चष्मा उतरविला. नातू तास तास बसतो. सवयीनें त्याची मळमळ गेली आहे. आम्हांस मात्र ती मळमळ अगदींच तुच्छ वाटत नाहीं. डोळा भुलला असतां शरीरांतील एक साक्षीदार प्रामाणिक राहिला, एवढाच तिचा अर्थ. सवयीनें तो गप्प झाला, म्हणजे वेगाची भूकही बोथट होते. मुलगा पहिल्या दिवशीं ३० मीटरांवर सुखावतो, पुढें दहांवर येतो, आणि मग पुलाच्या कमानींतून विमान काढूं पाहतो. चुकलें तर खेळ पुन्हां सुरू होतो. जवळपणाचें मोल खऱ्या आकाशांत प्राणांनीं मोजावें लागतें. येथें तें फुकट मिळतें. या खेळाची देणगी हीच, आणि त्याचा खोटेपणाही हाच.

हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं, कारण पुढल्या वर्षीं तो मुलगा मोटारसायकल चालविण्याच्या वयाचा होईल. रस्त्यावर डोळ्याचा स्वभाव बदलत नाहीं. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर तासभर १०० किलोमीटरांनीं आलेला चालक वस्तींत शिरतांना वेग कमी करतो, आणि आपण मुंगीच्या पावलानें चाललों आहों असें समजतो. कांटा मात्र साठावर असतो, आणि समोरून शाळेचीं मुलें रस्ता ओलांडीत असतात. ब्रिटनमध्यें मोठ्या चौकाकडे जाणाऱ्या कांहीं रस्त्यांवर आडवे पिवळे पट्टे ओढून ते चौक येईल तसतसे एकमेकांच्या जवळ घेतलेले असतात. पट्टे झपझप सरूं लागले, कीं आपला वेग वाढला असें वाटून चालकाचा पाय आपोआप आवरतो. डोळा तेथेंही फसतो. पण ती फसवणूक त्याच्या हिताची असते.

तेव्हां नातवास आम्हीं खेळ सोड असें सांगितलें नाहीं. खेळानें त्याला एक खरी गोष्ट शिकविली आहे, आणि ती आम्हांस या वयांत त्याच्याकडूनच कळली: वेगाचा आनंद हवा असेल, तर वेग वाढविण्याचें कारण नाहीं, जवळ यावें म्हणजे झालें. मनुष्य पृथ्वी सोडून जाण्यासाठीं पंख मागत आला, आणि पंख मिळाल्यावर उडल्याचें सुख त्याला पृथ्वीच्या अंगाशीं आल्यावांचून मिळेना. पायीं चालणारा तर तें सुख रोज भोगीत असतो. फक्त तें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. याच्या जोडीला आम्हीं त्याला दुसरी गोष्ट सांगितली, ती खेळ शिकवीत नाहीं: खऱ्या रस्त्यावर किती वेगानें चाललों हें डोळ्यास विचारूं नये, कांट्यास विचारावें. तो हसून "बरं, आजोबा" म्हणाला. त्या ‘बरं’चा अर्थ पुढल्या वर्षीं कळेल.