एरंडोल ते चाळीसगाव, स्वतःच्या मोटारीने

आमच्या एरंडोलच्या पुतण्याला कॉलेजपासून 'सॅन स्टॉर्म'चा ध्यास. गोव्यात तयार झालेली, १९९८ साली बाजारात आलेली ही दोनच आसनांची स्पोर्ट्स मोटार. अखेर जुनी का होईना, दारात आली. पहिला मान आईचा! कासोदा, भडगाव करीत, कपाशीची शेते बघत मायलेक चाळीसगावला पोहोचले.

याच गावी १९२९ साली टांगेवाल्यांनी अस्पृश्य म्हणून बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. टांगा भाड्याने घेऊन तो नवख्या माणसाने हाकला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले, त्यांचा पाय मोडला.

स्टेशनाबाहेर वहिनी म्हणाल्या, "बेटा, हौस जरूर कर. पण वाटेत कुणी खोळंबलेला दिसला, तर शेजारची जागा त्याला दे."