बाळाचे बोट बोलते

आमच्या नातीला वर्ष झाले. शब्द अजून फुटले नाहीत, पण बोटाने ती सगळे सांगते. बिस्किटाच्या डब्याकडे बोट म्हणजे ‘दे’. पत्र्यावरच्या कावळ्याकडे बोट म्हणजे ‘तू पण बघ’. एलिझाबेथ बेट्स व सहकाऱ्यांनी इटलीतील मुलांचे निरीक्षण करून १९७५ साली हेच दोन प्रकार मांडले.

२००४ साली वर्षाच्या बाळांवर झालेल्या प्रयोगात दिसले, की मोठ्यांनी नुसते तिकडे पाहून त्यांचे समाधान होत नाही; बाळाकडेही पाहून दोन शब्द बोलावे लागतात.

म्हणून कामावरून कितीही थकून आलो, तरी आम्ही म्हणतो, ‘हो गं बाई, कावळा!’ याला पैसा लागत नाही आणि बाळाला शब्द मिळतो. दीड वर्ष होऊनही बाळ बोट दाखवत नसेल, तर आई-बापांनी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.