धूरवाटेची जागा

गॅसभट्टी बांधू इच्छिणारे तरुण कलावंत भेटीस येतात, तेव्हा बर्नर किती असावेत आणि विटा कोणत्या घ्याव्यात याचा तपशील ते बारकाईने विचारतात. धूर बाहेर जाण्याच्या वाटेची चौकशी मात्र गवंड्यावर सोपवण्याजोगी बाब समजून अखेरीस ठेवतात. वस्तुतः अधोगामी प्रवाहाच्या भट्टीत ज्वाळेवर खरा अंमल या वाटेचाच चालतो. ज्वाळा कमानीपर्यंत चढते आणि मागील भिंतीच्या तळाशी असलेली धूरवाट तिला रचलेल्या भांड्यांमधून खाली ओढून घेते. ती वाट एखाद्या बर्नरच्या फार जवळ पडली, तर तिकडची ज्वाळा भांड्यांना न भिडता परस्पर निघून जाते, आणि लोहयुक्त झिलईचे दोन प्याले एकाच फळीवरून एक निळसर हिरवा, दुसरा मळकट पिवळा असे उतरतात. म्हणून वाट मध्यरेषेवर हवी, खालची फळी तळापासून पुरेशी उचललेली हवी आणि वाटेचे तोंड थोडे मोठेच ठेवलेले बरे. मोठे तोंड डँपरने आवळता येते, लहान ठेवलेले वाढवायचे तर भिंत फोडावी लागते.

एवढे ग्रंथांत सापडते. नागपूरचा वैशाख सापडत नाही. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांवर असलेली हवा मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांवर जाते, तेव्हा ती सुमारे एक दशांशाने विरळ होते; गॅस जवळजवळ तेवढाच सुटतो, प्राणवायू मात्र कमी पडतो आणि धुरांड्याची ओढही मंदावते. परिणामी, हिवाळ्यात ज्या खुणेवर डँपर ठेवून स्वच्छ ज्वाळा मिळते, त्याच खुणेवर उन्हाळ्यात, सुमारे १००० अंशांवर आरंभावयाचे क्षपण, म्हणजे प्राणवायूच्या तुटवड्यातील भाजणी, आपण योजण्यापूर्वीच सुरू होते. मी खुणेपेक्षा झरोक्यावर अधिक भिस्त ठेवतो: तेथून बोटभर मऊ, पिवळसर जीभ बाहेर येत असेल तर आत धूम्रप्रधान वातावरण आहे, झरोका हवा आत ओढू लागला की भट्टीत प्राणवायूचा भरणा होत आहे.

या भूमीला हे ज्ञान नवे नाही. डॉ. शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ या काळात उत्खनन केलेल्या माहुरझरीसारख्या विदर्भातील महापाषाणीय स्थळांवर काळी-तांबडी भांडी मिळाली आहेत: आतून व काठाशी काळी, बाहेरून तांबडी. भांडे पालथे घालून भाजल्याने आतल्या भागास प्राणवायू मिळत नसे, हे या दुरंगी भांड्यांचे प्रचलित स्पष्टीकरण मला अनुभवाने पटते. त्या कुंभारांनी एकाच भांड्यावर दोन वातावरणे हेतुपुरस्सर नांदवली. आम्हांस सबंध भट्टीत एकच राखावयाचे आहे, आणि ते अधिक अवघड आहे.