बिनवजनाचे ठोकळे

आभासी जगातली वस्तू उचलता येते, पण तिचं ओझं हाताला कळत नाही. भाच्यानं माझ्या डोळ्यांवर हेडसेट चढवला, हातांत कंट्रोलर दिले आणि समोर हवेत लाकडी भासणारे ठोकळे तरंगू लागले. ते फिरवून खाचांमध्ये बसवायचे. कळ दाबली की ठोकळा मुठीत आलेला दिसतो. तळव्याला मात्र प्लास्टिकच लागतं. कड नाही, खरखर नाही, निसटण्याची धास्ती नाही.

एरवी बोटं कितीतरी कामं परस्पर उरकतात. अंधारात कुलपाला किल्ली लावताना ती सुलटी की उलटी हे डोळ्यांना कुठे विचारावं लागतं? इथे बोटांची ती चाचपणीच गेली. वस्तू मनात फिरवून बघण्याची ज्याची त्याची ताकद उघडी पडली.

ही ताकद मोजताही येते. १९७१ साली रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना घनांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या: दोन्ही एकच, की एक दुसरीचं आरशातलं रूप? दोन्हींमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला उशीर. वेग सेकंदाला साधारण ६० अंश. मला याचं फार अप्रूप वाटतं. डोक्यात ना लाकूड, ना बिजागरी. तरी मनातली वस्तू थेट उडी मारत नाही, वाटेतले कोन ओलांडत जावं तसा वेळ घेते!

भाचा क्षणभर थांबतो आणि एकदाच मनगट वळवतो. मी आधी वळवते, मग बघते, पुन्हा वळवते. माझा विचार मनगटातून चालतो म्हणा ना. त्यातही काही गैर नाही. हात ज्या दिशेनं वळतो त्याच दिशेनं वस्तू मनात फिरवणं सोपं जातं, उलट दिशेनं जड, हेही प्रयोगांतून दिसलं आहे.

आईनं मात्र तिसरीच वाट काढली. जन्मभर शिवणकाम केलेली ती. ठोकळ्याला हात न लावता त्याच्याभोवती चालत गेली. तिची ही वाटही प्रयोगांशी जुळते: मेजावरची मांडणी लक्षात ठेवायला सांगून मेज फिरवलं, तर मांडणीतला बदल ओळखणं अवघड जातं. माणूस स्वतः मेजाभोवती तेवढाच चालून गेला, तर सोपं. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडून खाच नीट न्याहाळून तिनं ठोकळा बसवला आणि नातवाला म्हणाली, “अरे, याला मागची बाजू आहे हे आधी सांगायचं नाही का?”