बधिर हनुवटीची आग

नोव्हेंबर 2019 मध्ये माझी डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ काढली. आडवी होती, हिरडीखाली रुतलेली. निघायला तासभर लागला. इंजेक्शनची बधिरता संध्याकाळपर्यंत उतरेल, असं सांगितलं होतं. रात्री गाल हलका झाला, पण खालचा ओठ आणि हनुवटी डावीकडून लाकडासारखीच राहिली. चहाचा ओघळ हनुवटीवरून खाली यायचा, मला पत्ता नसायचा. जेवताना ओठ चावला गेला तर रक्त दिसल्यावर कळायचं. शेजारच्या काकूंना वाटलं, लकवाच झाला. पण तोंड वाकडं नव्हतं, ओठ नीट हलत होते. फक्त जाणीव गेली होती.

तीनेक आठवड्यांनी तिथे मुंग्या येऊ लागल्या. मी खूश झाले, नस जागी होतेय म्हणून. पाठोपाठ आग सुरू झाली. मिरचीचा हात लागल्यावर होते तशी, दिवसभर. मधूनच करंट बसल्यासारखी सणक.

मी एसटीत कंडक्टर आहे. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाणारी आमची गाडी. माझी सीट दाराजवळ, डाव्या हाताला. घाटातला गार वारा नेमका त्याच गालावर. "पुढे सरका" म्हणायला तोंड उघडलं की सणक. जिथे टाचणी टोचलेली कळत नाही, तिथे वारा सहन होत नाही, हे घरच्यांना कसं पटवायचं? मलाच पटत नव्हतं. 2020 मध्ये मास्क आला. त्याची कड हनुवटीवर घासायची आणि डोळ्यांत पाणी उभं राहायचं.

दुखणं दाताचंच असणार, असं मी धरून चालले होते. आधी शेजारच्या दाढेचं रूट कॅनॉल केलं. फरक पडला नाही म्हणून ती दाढही काढून घेतली. एक चांगली दाढ गेली, आग तशीच. एक्स-रे स्वच्छ होता. एका डॉक्टरांनी सांगितलं, "तुम्ही टेन्शन फार घेता." त्या दिवशी स्टँडवर बसून मी खूप रडले.

शेवटी न्यूरोलॉजिस्टकडे गेले. त्यांनी डोळे मिटायला सांगितले, कापूस फिरवला, टाचणी टोचली, आणि जिथे कळत नव्हतं त्या जागेभोवती पेनाने रेघ ओढली. मग समजावलं. चेहऱ्याची जाणीव मेंदूपर्यंत नेणारी एक मोठी नस आहे, तिला तीन फांद्या. सगळ्यांत खालच्या फांदीतला एक धागा जबड्याच्या हाडातल्या बोगद्यातून ओठाकडे जातो. अक्कलदाढेची मुळं कधीकधी त्याला अगदी टेकलेली असतात. दाढ काढताना तो चेपला किंवा ताणला गेला, तर बहुतेकांचा काही महिन्यांत सुधारतो. काहींचा वेडावाकडा जुळतो. मग स्पर्श नेण्याचं काम अर्धवट होतं, पण जखमी टोकं आपणहून संदेश सोडत राहतात. रात्रंदिवस तेच येत राहिल्यामुळे मेंदूतलं घेणारं ठाणंही हळवं होतं. साध्या वाऱ्यालाही ते दुखणं समजतं. म्हणून बधिरपणा आणि आग एकाच जागी. साध्या वेदनाशामक गोळ्या सूज आणि जखमेच्या दुखण्यावर काम करतात, इथे त्यांचा फारसा उपयोग नाही.

सुरुवातीला सुन्नपणा उतरला नाही तेव्हाच पाठपुरावा व्हायला हवा होता, हेही त्यांनी सांगितलं. ते वाक्य अजून बोचतं. मुलीच्या अक्कलदाढेची वेळ आली तेव्हा मी एक्स-रेवर बोट ठेवून विचारलं होतं, नस किती लांब आहे ते दाखवा.

गॅबापेन्टिन रात्री सुरू झालं, डोस हळूहळू वाढवत. पहिला आठवडा घाटातल्या वळणांवर चक्कर यायची. मी पिशवी पोटाशी धरून खांबाला टेकायचे. आग विझली नाही, पण आच कमी झाली. झोप लागू लागली. आता थंडीत ड्रायव्हर दादा वाई सोडतानाच माझ्या बाजूची काच ओढून घेतात. मी न सांगता.

पेनाची ती रेघ केव्हाच धुऊन गेली. पण रोज सकाळी तोंड धुताना मी तिच्या जागेवरून बोट फिरवते. कानाकडच्या बाजूला ती अर्धं बोट आत सरकली आहे. तिथे पाणी गार लागतं.